पाठातली मठ्ठ मुलगी

"मठ्ठ कोण होणार?" मॅडमनी विचारलं.

कुणीही हात वर केला नाही. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. माझ्याकडे.

"पेठ, तू हो," मॅडम म्हणाल्या. "तुला वेगळा अभिनय करायला नको."

वर्ग खदाखदा हसला. मॅडम हसल्या. आणि मीही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते. त्यांच्या नाही, माझ्या.

हा बी.एड.चा वर्ग होता. नाशिकातलं नावाजलेलं कॉलेज. नाव सांगणार नाही. सांगितलं तर बाकीची कॉलेजं म्हणतील, बघा, तिथं असं चालतं. आणि स्वतः सुटतील.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. खऱ्या वर्गावर जाण्याआधी आम्हाला एकमेकांवरच शिकवण्याचा सराव करावा लागतो. एकानं शिक्षक व्हायचं, बाकीच्या काही जणांनी बाकावर बसून सहावीतली मुलं व्हायचं. लग्नाच्या वयाची माणसं "बाई, मी सांगू? बाई, मी सांगू?" करत हात नाचवतात. प्रत्येकाची भूमिका ठरलेली. एक हुशार. एक मस्तीखोर. एक लाजाळू. आणि एक मठ्ठ. मठ्ठ लागतोच. त्याच्याशिवाय शिक्षकाचं कौशल्य दिसणार कसं? हुशार मुलाला फक्त "शाब्बास" म्हणता येतं. मठ्ठाला धीर देता येतो, प्रश्न सोपा करून विचारता येतो, पाठीवर हात ठेवता येतो. या सगळ्याला गुण असतात.

गुण शिक्षकाला. मठ्ठाला काही नाही.

आणि पेठ हे माझं नाव नाही. पहिल्या दिवशी ओळखी चालल्या होत्या तेव्हा मॅडमनी विचारलं, कुठली? मी म्हटलं, पेठ तालुका. गाव विचारलं नाही, पाडा विचारला नाही. आडनाव मात्र विचारलं. ऐकून "अच्छा" म्हणाल्या. त्या एका "अच्छा"त माझी जात, माझी राखीव जागा, माझी फीमाफी, सगळं मावलं. तेव्हापासून मी पेठ. "पेठ, खिडकी लाव." "काय गं पेठ, तुमच्याकडं पाऊस लय हाय का?" हे "लय हाय" मुद्दाम. माझी नक्कल म्हणून.

वर्गात माझा भाव वाढला, हे खरं. ज्याचा पाठ असेल तो आदल्या दिवशी मला गाठायचा. "उद्या माझ्या पाठाला बस ना प्लीज. तू असलीस की पाठ रंगतो." मग हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर चुकीची उत्तरं. कोणत्या प्रश्नाला काय चुकायचं ते लिहिलेलं. सायली नावाची मुलगी होती. वर्गात पहिली, गंगापूर रोडला घर, वडील प्राध्यापक. स्वभावानं वाईट नव्हती. डबा उघडला की अर्धी पोळी माझ्याकडे सरकवायची. तिच्या चिठ्ठीवर होतं, महाराष्ट्राची राजधानी कोणती? उत्तर, पेठ.

मी ते उत्तर दिलं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम म्हणाल्या, "छान! लोकल टच." सायलीला चांगले गुण पडले.

चुकीच्या उत्तरांबद्दल मला बोलायचंय. खरं मूल असं चुकत नाही. मूल उगाच काहीतरी बरळत नाही. मी स्वतः चुकलेय, मला माहीत आहे. पहिलीत असताना गुरुजींनी चित्र दाखवलं. पक्क्या भिंती, लोखंडी फाटक, वर कौलं. "हे काय?" मी म्हटलं, शाळा. फटकन छडी बसली. "घर आहे ते, गाढवे." आमच्या पाड्यावर सगळ्या भिंती कुडाच्या, शेणानं सारवलेल्या. पक्की भिंत आणि फाटक एकाच ठिकाणी होतं. शाळेला. मी जे बघितलं होतं तेच सांगितलं. पण गुरुजींनी विचारलंच नाही की तू असं का म्हणालीस. हे "का" मला पहिलीपासून बी.एड.पर्यंत कुणीच विचारलं नाही.

गुरुजी देशावरचे. आमची बोली त्यांना समजायची नाही, त्यांची आम्हाला. न समजणारे आम्ही अप्रगत ठरलो, न समजणारे गुरुजी गुरुजीच राहिले. शाळा तपासायला साहेब येणार असले की गुरुजी आदल्या दिवशी तालीम घ्यायचे. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. म्हणजे सगळ्यांचे हात वर दिसतात, आणि गुरुजी उजव्यालाच विचारतात. साहेब खूश, गुरुजी खूश. मी डाव्या हाताच्या ओळीत बसायचे. उत्तर येत असलं तरी डावाच वर करायचा, कारण ओळच डावी होती.

पुढं आश्रमशाळा. तिथं सर खुर्चीत बसून गाईडमधली उत्तरं वाचायचे, आम्ही लिहायचो. मग शहरातलं कॉलेज. तिथं प्राध्यापक उभं राहून वाचायचे, आम्ही लिहायचो. एवढाच विकास. बी.एड.ला आल्यावर मला वाटलं, इथं तरी शिकवणं काय असतं ते कळेल. मॅडमनी रचनावाद शिकवला. हातातल्या पिवळ्या पडलेल्या कागदावरून सावकाश वाचत होत्या. "ज्ञान बाहेरून दिले जात नाही. विद्यार्थी स्वतः ज्ञानाची निर्मिती करतो. झालं लिहून? पुढचा मुद्दा." मी मान वर केली. मला वाटलं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. सगळे लिहीत होते.

या वर्गात माझं बरं चाललं होतं, असंच म्हणायला हवं. मठ्ठ होते म्हणून सगळ्यांना हवी होते. डबा मिळत होता, नोट्स मिळत होत्या. अपमानाचीही सवय होते. पुन्हा पुन्हा झाला की तो अपमान वाटेनासा होतो, गंमत वाटते.

गंमत फुटली ती एका रीलमुळे. कुणीतरी माझा तो राजधानीचा पाठ मोबाइलवर घेतला होता. त्याला गाढवाच्या ओरडण्याचा आवाज जोडला आणि नेटवर टाकला. तो फिरला. माझा चुलतभाऊ सातपूरला कंपनीत कंत्राटावर आहे, त्याच्या मोबाइलपर्यंत गेला. माझे आईवडील तेव्हा पिंपळगावकडं द्राक्षाच्या बागेत कामाला होते. दरवर्षी भात निघालं की आमचा अर्धा पाडा तिकडं उतरतो. भाऊ सुट्टीच्या दिवशी त्यांना भेटायला गेला आणि त्यानं तो आईला दाखवला. बहीण मोबाइलवर आली, याचंच त्याला कौतुक.

आईचा फोन आला. "तुला तठ काय येत नाय का गं?"

"येतं आय. ते नाटक हाय."

"नाटक?"

"हां. मला चुकायचं काम दिलं."

तिच्या मागं बागेत कुणीतरी ओरडत होतं, क्रेट उचला म्हणून. मग म्हणाली, "मंग तुलाच का दिलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दर टायमाला तुलाच?"

"हां."

"आन ते हसतात, ते बी नाटक हाय?"

फोन ठेवला आणि मी होस्टेलच्या जिन्यात बसून राहिले. अंगाची आग आग झाली. शिकून आलेले एवढे लोक, मानसशास्त्राचे पेपर दिलेले, त्यांच्यातल्या एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. मलाही नाही. आईला पडला. कारण तिला हसू आलं नव्हतं.

मी मॅडमकडे गेले. म्हटलं, यापुढं मला हुशार मुलगी करा, लाजाळू करा, काहीही करा. मॅडम घाईत होत्या. कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरची समिती येणार होती. रंगकाम चाललं होतं, कुंड्या आणल्या होत्या. मॅडमच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं.

"अगं, बरी आलीस. समितीसमोर सायलीचा पाठ ठेवलाय. वंचित घटकातील मुलीचा विकास. तू ती मुलगी."

मग त्यांनी समजावलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, नाटकाच्या पेटीतला विटका शाळेचा फ्रॉक, तो आखूड म्हणून खाली सलवार. सुरुवातीला मी मान खाली घालून बसायचं. काही विचारलं की माझ्या बोलीत म्हणायचं, मला नाही येत. सायली मला जवळ घेणार, धीर देणार, नकाशा दाखवणार. आणि शेवटी मी ताठ उभं राहून शुद्ध भाषेत सांगायचं, गोदावरी नदी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते. "समितीला तो फरक दिसला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "सुरुवातीची तू आणि शेवटची तू."

म्हणजे माझी बोली हा रोग. ती गेली की मी बरी झाले. अर्ध्या तासात.

"मॅडम, दुसऱ्या कुणाला घ्या ना," मी म्हटलं.

"दुसरं कोण? तू ऑथेंटिक आहेस." मग हसत हसत म्हणाल्या, "आणि पाठाचे इंटर्नल गुण माझ्याकडे आहेत, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. त्या गुणांशिवाय बी.एड. होत नाही. बी.एड.शिवाय मी शिक्षिका होत नाही. आणि शिक्षिका झाले नाही तर मी पुन्हा द्राक्षाच्या बागेत, आईच्या शेजारी. मी "हो" म्हटलं. तालमी केल्या. रिबिनी बांधल्या.

समिती आली. तीन माणसं, पुढच्या सोफ्यावर. अध्यक्ष वयानं मोठे, पांढरे केस, चेहरा प्रेमळ. सायलीनं पाठ सुरू केला. सुरेख साडी नेसली होती. हुशार मुलीनं उत्तर दिलं, शाब्बास झालं. मस्तीखोरानं मस्ती केली, त्याला प्रेमानं दटावलं. मी मान खाली घालून बसले होते. मला विचारलं. मी ठरल्याप्रमाणं म्हटलं, "माला नाय येत." सोफ्यावरून कुणीतरी "अरेरे" केलं. सायली जवळ आली, पाठीवर हात ठेवला. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं.

शेवटची पाच मिनिटं उरली. सायली फळ्याजवळ गेली आणि म्हणाली, "आता सांग बरं पेठ, गोदावरी कुठे उगम पावते?"

पेठ. भूमिकेतल्या मुलीलासुद्धा त्यांनी नाव दिलं नव्हतं.

मी उभी राहिले. उत्तर तोंडात होतं. पण माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"बाई, आधी तुमी सांगा. माना नाव काय आहा?"

सायलीचा चेहरा उतरला. तिला माझं नाव माहीत होतं. तिच्या मोबाइलमध्ये ते होतं. तिनं तोंड उघडलं, आणि मॅडमकडं बघितलं. परवानगीसाठी. मॅडम खिडकीजवळ उभ्या होत्या. त्यांना नाव येत नव्हतं, आणि सायलीला सांगायचं धाडस होत नव्हतं. एवढा मोठा वर्ग, कुणीच बोलेना.

आणि मग टाळ्या वाजल्या.

समितीचे अध्यक्ष टाळ्या वाजवत होते. "वा! मुलीनं स्वतःहून प्रश्न विचारला. तोही मातृभाषेतून! हाच तर विकास." बाकीच्या दोघांनीही वाजवल्या. मग सगळ्या वर्गानं. मॅडमच्या तोंडावर रंग परतला. "हो सर," त्या म्हणाल्या, "पाठाचा तोच शेवटचा टप्पा होता."

मी टाळ्यांमध्ये उभी. लाल रिबिनी बांधून. खाली बसले असते तर सगळं छान झालं असतं. गुण मिळाले असते, पदवी मिळाली असती, मॅडमनी कदाचित लाडू दिला असता. माझा राग त्यांनी जागच्या जागी गिळला होता आणि ढेकर देऊन त्याला कौशल्य म्हटलं होतं. मला त्या क्षणी कळलं की यांच्यासमोर मी काहीही केलं तरी हे त्याचा पाठच करणार.

"सर, हा पाठ नाही," मी म्हटलं. शुद्ध भाषेत. तीही मला येते.

टाळ्या थांबल्या.

"मी खरंच विचारतेय. दीड वर्ष मी या वर्गात बसतेय आणि मॅडमना माझं नाव माहीत नाही. प्रत्येक पाठात मठ्ठ मुलगी मीच असते. चुकीचं उत्तर मला चिठ्ठीवर लिहून देतात. आजचं बरोबर उत्तरही लिहूनच दिलंय. यात माझा विकास कुठं आहे ते मला दाखवा."

वाटलं होतं, ते काहीतरी विचारतील. निदान नाव विचारतील. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. घड्याळ बघितलं. प्राचार्यांकडं वळून म्हणाले, "चहा घेऊ या का?"

ते चहाला गेले. कॉलेजला पुढं चांगला दर्जा मिळाला, त्याचा फलक फाटकावर लागलाय.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. "तुझ्यासारख्यांसाठी आम्ही किती करतो. समितीसमोर तुला पुढं आणलं. आणि तू हे पांग फेडलेस." मग म्हणाल्या, "उद्या सगळ्या वर्गासमोर माफी माग. नाहीतर इंटर्नलला जे पडायचं ते पडेल."

"कशाची माफी, मॅडम?"

"उद्धटपणाची."

"मॅडम, तुम्ही अजूनही नाव विचारलं नाही."

"बाहेर हो," त्या म्हणाल्या.

बाहेर सायली उभी होती. रडून डोळे लाल. "मला आधी सांगायचंस ना. माझा पाठ होता." मग हळूच, "मी सांगणार होते गं नाव. पण मॅडम…"

"उद्या तू खऱ्या वर्गावर उभी राहशील," मी म्हटलं. "तेव्हा पोरांकडं बघशील की मॅडमकडं?" ती निघून गेली. त्यानंतर तिनं मला डबा दिला नाही. मीही बसले नाही तिच्याशेजारी.

बापाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माफी मागून टाक ना पोरी. काय जातंय? आमी रोजच मागतो."

"म्हणून तर मागणार नाय, बा."

तो म्हणाला, "वरीस जाईल."

"जाऊ दे."

"बघ मंग तुना तू," एवढंच म्हणाला आणि फोन बंद केला. त्याला राग आला होता. त्याचा राग चूक नव्हता. माझ्या शिक्षणासाठी तो दुसऱ्याच्या बागेत ओणवा झालेला माणूस आहे, आणि मी ताठ उभी राहण्याची चैन करत होते. हे मला तेव्हाही टोचलं, आजही टोचतं.

माफी मागितली नाही. लेखीला चांगले गुण होते. पाठाच्या इंटर्नलला नापास. वर्ष गेलं. बरोबरचे सगळे पास झाले, सायलीला एका इंग्रजी शाळेत नोकरी लागली. मी रडले. खोटं कशाला सांगू, पुष्कळ दिवस रडले. कुणी माझ्या बाजूनं उभं राहिलं नाही, पेपरात बातमी आली नाही, मॅडमची बदलीबिदली झाली नाही. त्या आजही तिथंच आहेत आणि रचनावाद लिहून देतात.

सध्या मी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जाते. कामाची पाळी संपली की अभ्यास करते. जूनमध्ये मी त्याच कॉलेजात परत जाणार आहे, राहिलेले पाठ पूर्ण करायला. दुसरं कॉलेज बघ, असं सगळे सांगतात. मी बघणार नाही. पळून गेले तर त्यांना वाटेल, गेली बिचारी. मी त्यांच्या डोळ्यांसमोर पास होणार. पाठ घेईन, पण कुणाच्या पाठात मठ्ठ होणार नाही. माझ्या पाठातही कुणाला मठ्ठ होऊ देणार नाही. मॅडम, गुण कापायचे तर कापा. पुन्हा येईन. तुम्ही निवृत्त व्हाल, मी येत राहीन.

आणि मी शिक्षिका होणार. पेठकडच्या डोंगरातली शाळा मागून घेणार, जिथं जायला तुमचे लोक रडतात. तिथं पोरं चुकतील. मी त्यांना विचारीन, का म्हणालास असं? आणि उत्तर येईपर्यंत थांबेन. एक दिवस तिथंही समिती येईल. गाडी फाटकाशी थांबेल, साहेब उतरतील, म्हणतील, मुलांचा काय विकास झाला ते दाखवा.

मी दारात येऊन सांगेन, दाखवायला इथं काही ठेवलेलं नाही. शिकवणं चालू आहे. बाहेर थांबा.